बासून: खर्जातलं एक सुषिर वाद्य आणि त्याची अजून न संपलेली दुरुस्ती

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. पाश्चात्त्य वाद्यवृंदावर इथे अधूनमधून छान धागे येतात, पण बोलणं व्हायोलिन, पियानो आणि फार तर बासरीपाशी थांबतं. मला ज्या वाद्याचं वेड आहे त्यावर इथे अजून कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा प्रपंच.

बासून हे खर्जाचं लाकडी सुषिर वाद्य. तोंडाशी बोरूसारख्या गवताची जोडपत्ती, तिला लागून एक वाकडी धातूची नळी, आणि पुढे मेपलच्या लाकडाची पोकळी. पत्तीपासून शेवटापर्यंत मोजली तर एकूण लांबी अडीच मीटरच्या घरात जाते. ही पोकळी खाली जाते, तळाशी वळते आणि पुन्हा वर येते, म्हणून उभं वाद्य जेमतेम १३४ सेंटिमीटर भरतं. सगळ्यात खालचा स्वर म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली काळी पाच, पण तीन सप्तकं खाली: सेकंदाला साधारण ५८ कंपनं. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ च्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की खोली कळेल. आणि तिथून वर जवळजवळ साडेतीन सप्तकं हे वाद्य चढतं.

सुरुवात सोळाव्या शतकात झाली. चर्चमधल्या गायनवृंदाच्या खालच्या आवाजांना आधार देणारं वाद्य हवं होतं. जोडपत्तीची तेव्हाची वाद्यं सरळसोट असत. खर्ज हवा तर लांबी वाढवा, एवढाच उपाय, त्यामुळे सगळ्यात मोठं वाद्य माणसाहून उंच व्हायचं आणि त्याचा आवाजही उघड्या चौकात शोभणारा. मग युक्ती निघाली: लाकडाचा एकच ठोकळा घ्यायचा, त्यात शेजारीशेजारी दोन पोकळ्या कोरायच्या आणि तळाशी त्या जोडायच्या. हे डल्सियन. जर्मनीत मिखाएल प्रेटोरियसने १६१९ साली छापलेल्या ग्रंथात त्याच्या लहानमोठ्या भावंडांचं अख्खं कुटुंब नोंदवलं आहे. स्पेनमध्ये त्याला बाहोन म्हणत, आणि तिथल्या कॅथीड्रलमधून ते एकोणिसाव्या शतकापर्यंत वाजत राहिलं.

नुसती साथ करणारं वाद्य असं कुणी समजू नये. बार्तोलोमे दे सेल्मा या स्पॅनिश धर्मगुरूने १६३८ मध्ये आणि जोव्हान्नी अंतोनिओ बेर्तोलीने १६४५ मध्ये व्हेनिसला छापलेल्या रचना आजही बोटांचा घाम काढतात.

पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये या एका ठोकळ्याचे चार तुकडे झाले. श्रेय बहुधा ओतेतेर घराण्याला दिलं जातं. तुकडे वेगळे झाल्यामुळे प्रत्येक भाग लेथवर नीट कातता आला, आतली निमुळती पोकळी काटेकोर करता आली आणि खालच्या टोकाला आणखी एक सूर मिळाला. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नरच्या हातची अशी वाद्यं संग्रहालयांत आहेत. चाव्या तीन, नंतर चार. एवढ्यावर व्हिवाल्डीने ३९ कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि साथीला वाद्यवृंद अशा रचना) लिहिले. त्यांतले दोन अपुरे आहेत, तरी व्हायोलिन सोडलं तर दुसऱ्या कुठल्याही वाद्यासाठी त्याने इतके लिहिलेले नाहीत.

(चावी म्हणजे बोट पोचत नाही तिथलं छिद्र उघडणारी-मिटणारी धातूची झडप.)

पुढचं लिहिते आहे. प्रश्न विचारत राहा.

निळावंती

माहितीपूर्ण धागा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. कार्टूनमध्ये झाडू पाणी भरत सुटतो त्या प्रसंगात जो जाडसर, लंगडत चालल्यासारखा आवाज येतो, तो हाच का?

मंद्रसप्तक

@निळावंती, हो, अगदी तोच. पॉल द्युकासची १८९७ मधली रचना, आणि १९४० च्या 'फँटेशिया'मुळे ती जगभर पोचली. पण त्यामुळे एक नुकसानही झालं. बासून म्हणजे विनोदी वाद्य हा शिक्का बसला. प्रोकोफिएव्हने १९३६ मध्ये 'पीटर अँड द वुल्फ'मध्ये कुरकुरणाऱ्या आजोबांसाठी तेच निवडलं, तोही शिक्क्याला हातभार. ज्यांना हे वाद्य किती गंभीर होऊ शकतं ते ऐकायचंय त्यांनी चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीची (१८९३) पहिली मिनिटं ऐकावीत. खालच्या तंतुवाद्यांच्या अंधारातून खर्जातला बासून वर सरकतो. त्यात विनोद शोधून सापडणार नाही.

चौघडा

मंद्रसप्तकताई, आमच्या घरात सनई पिढीजात. मी स्वतः नोकरीत अडकलो, पण काका देवळात आणि लग्नकार्यात वाजवतात. तुमचं वर्णन वाचून वाटलं की ही तर सनईचीच चुलत बहीण. जोडपत्ती तीच, निमुळती पोकळी तीच. मग एक प्रश्न. सनईला सात-आठ छिद्रं, चावी एकही नाही. मींड, कण, गमक सगळं बोटाच्या कडेने आणि ओठाच्या दाबाने निघतं. यांना इतक्या चाव्या कशाला लागल्या? बोटांनी काम भागवता आलं नाही का?

मंद्रसप्तक

@चौघडा, या प्रश्नासाठी मनापासून धन्यवाद, कारण वाद्याचा सगळा इतिहास यात येतो.

पहिली अडचण लांबीची. सनई हातात मावते, छिद्रं बोटाखाली येतात. बासूनची पोकळी इतकी लांब की ध्वनिशास्त्राप्रमाणे छिद्रं जिथे हवीत तिथे कुणाचाच पंजा पोचणार नाही. जुन्या कारागिरांनी यावर जो तोडगा काढला तो बघितला की मला दर वेळी थक्क व्हायला होतं. डाव्या हाताच्या तीन बोटांखालचा जो तुकडा असतो, त्याची भिंत एका बाजूला मुद्दाम जाड ठेवलेली असते, पंखासारखी बाहेर आलेली. त्या जाडीतून छिद्रं तिरकी पाडलेली असतात. बाहेरून बोटांना ती जवळजवळ लागतात, पण आत पोकळीत उघडतात ती एकमेकींपासून दूर. म्हणजे छिद्र नुसतं छिद्र राहत नाही, तो पाच-सहा मिलिमीटर रुंदीचा आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीचा बोळ होतो.

आता गंमत ही की बासूनचा तो घोगरा, माणसाच्या गळ्याच्या जवळ जाणारा आवाज बराचसा याच बोळांतून येतो. म्हणजे जी तडजोड म्हणून केली तीच आवाजाची ओळख ठरली. माझं म्हणणं एवढंच आहे की बासूनच्या इतिहासात ज्यांनी ज्यांनी ही तडजोड पुसून टाकायचा प्रयत्न केला त्यांच्या हातून आवाजच निसटला, आणि ज्यांनी तिला सांभाळून दुरुस्ती केली तेच टिकले.

दुसरी अडचण संगीताची. सनईवाल्याचा सा ठरलेला असतो. वाद्यवृंदात दर रचनेत, कधीकधी दर पानावर आधारस्वर बदलतो, आणि बारा सुरांतला प्रत्येक सूर तितकाच स्वच्छ आणि तितकाच मोठा यायला हवा, तोही शेजारी बसलेल्या ऐंशी जणांशी जुळवून. जुन्या बासूनवर मधले सूर निघत ते छिद्रं उलटसुलट झाकून. ते दबके आणि डळमळीत यायचे. १७७४ मध्ये अठरा वर्षांच्या मोझार्टने कॉन्चेर्टो लिहिला तो अशाच मोजक्या चाव्यांच्या वाद्यासाठी. त्याने खालून वर मोठमोठ्या उड्या मारायला लावल्या आणि वाद्य कुठे गातं ते बरोबर हेरलं. पण बीथोव्हेनच्या काळापर्यंत वाद्यवृंद वाढला, सभागृहं वाढली, आणि डळमळीत सूर खपेनासे झाले.

रानवारा

वाचतोय. चौघडा यांचा प्रश्न आणि त्यावरचं उत्तर दोन्ही वाचनखूण साठवण्याजोगे.

अवांतर: बाखच्या चरित्रात बासूनवरून झालेली मारामारी आहे ना? १७०५ मध्ये आर्नश्टाट गावी. गायेर्सबाख नावाचा बासून वाजवणारा विद्यार्थी बाखपेक्षा वयाने थोडा मोठाच होता. बाख त्याच्या वादनावर काहीतरी खोचक बोलला. तो भर चौकात रात्री काठी घेऊन अंगावर आला, बाखने शस्त्र उपसलं, लोकांनी सोडवलं. पुढे चर्चच्या मंडळापुढे चौकशी झाली, तिची कागदपत्रं आजही आहेत.

मंद्रसप्तक

@रानवारा, बरोबर. आणि त्या पोराच्या बाजूने एक सांगते: तेव्हाच्या वाद्यावर सुरात राहणं खरोखर कठीण होतं.

आता जर्मनीतला मुख्य अध्याय. कार्ल आल्मेनरेडर (१७८६–१८४३) स्वतः बासूनवादक, लष्करी बँडमधला अनुभव गाठीशी. माइन्झमध्ये त्याची गाठ गॉटफ्रीड वेबर या ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाशी पडली. वादकाचा कान आणि अभ्यासकाचं गणित असे दोघे एकत्र बसले. कुठला सूर का दबतो, छिद्र कुठे सरकवलं तर तो मोकळा होईल, हे आल्मेनरेडरने १८२३ च्या सुमारास आपल्या प्रबंधात मांडलं. खालच्या भागातली छिद्रं सरकली, नव्या चाव्या आल्या आणि सतरा चाव्यांचं वाद्य तयार झालं. पूर्वी ज्या सुरांना वादक टाळून जात ते वाजू लागले. १८३१ मध्ये त्याने योहान आडाम हेकेल या तरुण कारागिराबरोबर ऱ्हाइनकाठी बीब्रिखला कारखाना काढला. हेकेल तेव्हा एकोणीस वर्षांचा.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. या सुधारलेल्या वाद्यावर सुरुवातीला टीका झाली. सूर जुळले, पण आवाज कोरडा झाला असं जुन्या मंडळींना वाटलं. ते सावरायला हेकेल बापलेकांची पुढची कित्येक वर्षं गेली. योहान आडामनंतर १८७७ पासून मुलगा विल्हेल्मने धुरा घेतली. पोकळीचा निमुळतेपणा किंचित बदलून बघणं, पुन्हा वाजवणं, पुन्हा बदलणं, असं ते काम चाललं. फुंकेतल्या ओलाव्याने लाकूड कुजतं म्हणून पंखाच्या तुकड्यात आणि तळाच्या तुकड्यात त्यांनी कडक रबराचं अस्तर घातलं. आजही बहुतेक बासूनमध्ये ते असतं. १८६२ मध्ये ऑपेराकार वाग्नर बीब्रिखलाच राहत होता, हेकेलच्या कारखान्याच्या पंचक्रोशीत. नाटकांतल्या खर्जाची त्याची भूक मोठी आणि ती भागवायला असा शेजार. बासूनहून वरच्या पट्टीचं, पण ओबोपेक्षा (जोडपत्तीचंच उंच सुरांचं वाद्य) एक सप्तक खालचं असं वाद्य करायला त्याने सुचवलं होतं. ते हेकेलफोन नावाने १९०४ मध्ये बाहेर पडलं आणि पुढच्याच वर्षी रिखार्ड श्ट्राउसने 'सालोमे' या ऑपेरात वापरलं. वाग्नर तोवर हयात नव्हता.

प्रभाकर_ठाणे

लेखन आवडलं, पण जर्मनांचं कौतुक जरा एकतर्फी होतंय. फ्रान्सचं काय? मी काही वर्षं पॅरिसमध्ये कामाला होतो, तिथे फ्रेंच बनावटीचं बासून ऐकलंय. आवाज पातळ, पण प्रत्येक सुराचा रंग वेगळा, वरच्या सुरांत तर एखादी बाई गातेय असं वाटतं. सावारीची वाद्यं, मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूजेन जांकूर आणि ब्युफे-क्रांपों यांनी मिळून केलेलं बावीस चाव्यांचं वाद्य, ही परंपरा जर्मन वाद्याइतकीच जुनी आणि अभ्यासू आहे. विसाव्या शतकात एकेका वाद्यवृंदाने ते सोडलं आणि जर्मन बासून घेतलं. मला हे नुकसानच वाटतं.

मंद्रसप्तक

@प्रभाकर_ठाणे, तुमचं दुःख मला समजतं आणि ते रास्त आहे. फ्रेंच कारागिरांनी जुनी पोकळी आणि जुनी बोटं जवळजवळ तशीच ठेवली, वर चाव्या वाढवल्या. म्हणून सुरासुरातला तो रंगभेद राहिला. जर्मन वाद्यात आवाज एकसंध, गोल, बाकीच्या वाद्यांत पटकन मिसळणारा. मोठ्या वाद्यवृंदाला आणि ध्वनिमुद्रणाला तेच सोयीचं पडलं.

तुमच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा मी देते. २९ मे १९१३, पॅरिसचं शांझेलीझे थिएटर, स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग'. सुरुवात एकट्या बासूनने होते, तीही खर्जात नाही तर वाद्याच्या अगदी शिखरावर, लिथुआनियाच्या एका लोकगीताच्या चालीवर. तो आवाज फ्रेंच वाद्याचा. आज जर्मन बासूनवर ते सफाईने वाजतं, पण त्या सुरांतला ताण, आवाज आता चिरतो की काय अशी धास्ती, ती फ्रेंच वाद्यावर जास्त जाणवते. ज्यांना दोन्ही ध्वनिमुद्रणं मिळतील त्यांनी पाठोपाठ ऐकावीत.

मात्र एका फ्रेंच प्रयोगाबद्दल बोलायलाच हवं. बोएमने बासरीचं जे केलं ते इथेही करावं, म्हणजे बोटांचा विचार सोडून छिद्रं शास्त्राप्रमाणे हवी तिथे आणि हवी तेवढी मोठी पाडावीत आणि सगळी चाव्यांनी झाकावीत, असं त्रिएबेर या कारागिराने आणि मार्झोली या वादकाने ठरवलं. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ते वाद्य मांडलं गेलं. सूर निर्दोष. पण यंत्रणा जड, महाग, नाजूक, आणि आवाज बासूनचा राहिला नाही. वर ज्या बोळांबद्दल लिहिलं ते त्यात नव्हतेच.

चौघडा

हे काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "छिद्र पाडणाऱ्याला वाजवता आलं पाहिजे, नाहीतर सूर मोजून येतो, ऐकून येत नाही." पत्तीबद्दलही विचारत होते. आमच्याकडे पत्ती प्रत्येकजण स्वतःच्या ओठाप्रमाणे घासून घेतो. तिकडे विकत आणतात का?

मंद्रसप्तक

@चौघडा, काकांना माझा नमस्कार सांगा. विकत मिळतात, पण मुरलेले वादक स्वतःच करतात. गवत आरुंडो डोनाक्स जातीचं, उत्तम माल दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातला मानतात. नळीची चीर काढायची, आतून तासायची, मधोमध दुमडायची, तारेने आवळायची, दोऱ्याने गुंडाळायची, टोक कापायचं आणि मग चाकूने खरवडत बसायचं. एका जागी केसभर जास्त खरवडलं तर खालचे सूर बोलायचे बंद. चांगली पत्ती आठवडा-दोन आठवडे साथ देते. साडेचारशे वर्षांत लाकूड, चाव्या, अस्तर सगळं बदललं, पत्तीचं काम मात्र अजून काकांच्या पद्धतीनेच चालतं.

सई_न्यूजर्सी

पहिल्यांदाच लिहितेय. लेक सातवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये तिने बासून निवडलं. वाद्य शाळेने दिलंय. घरी सगळ्यांनी विचारलं, हे कुठलं? आता हा धागा तिच्या आजीला पाठवलाय. लेकीची तक्रार अशी की डाव्या अंगठ्याला फार काम आहे. आणि हात लहान असल्यामुळे तिसऱ्या बोटाखालचं छिद्र नीट झाकलं जात नाही.

मंद्रसप्तक

@सई_न्यूजर्सी, लेकीचं कौतुक! तिची तक्रार शंभर टक्के खरी. डाव्या अंगठ्यावर आठ-नऊ चाव्या, उजव्यावर चार. दुसऱ्या कुठल्याच लाकडी वाद्यात अंगठे इतके राबत नाहीत. हे असं का झालं तर कुणी एकदा बसून सगळी रचना आखली नाही. जशी गरज पडली तशी चावी जोडली, आणि जुनं शिकलेल्या वादकांची बोटं मोडायला नकोत म्हणून आधीची जागा सोडली नाही. १९६० च्या दशकात जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा गुंता सोडवायला विजेवर चालणाऱ्या झडपांचं बासून बनवलं होतं. बोटांनी फक्त बटणं दाबायची, कुठली छिद्रं उघडायची ते यंत्रणा ठरवणार. कल्पना सुंदर होती, पण वादकांनी ती उचलली नाही.

तिला एक गोष्ट सांगा: वरच्या वाकड्या नळीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. खालचे सूर वाजवताना डाव्या अंगठ्याने त्याची चावी दाबून ते बंद ठेवायचं. ते उघडलं की सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. हे एक अंगात भिनलं की अर्धी लढाई जिंकली.

छिद्राबद्दल: लहान हातांसाठी तिसऱ्या बोटाच्या छिद्रावर चावी बसवलेली वाद्यं मिळतात. शिवाय अगदी लहान मुलांसाठी वरच्या पट्टीची छोटी बासून आहेत. ती अठराव्या शतकातही होती, विसाव्या शतकाच्या शेवटी ती पुन्हा बनू लागली. शिक्षकांना जरूर विचारा.

निळावंती

कॉन्ट्राबासून राहिलंच की! आणि भारतात हे प्रत्यक्ष ऐकायला कुठे मिळेल?

मंद्रसप्तक

@निळावंती, कॉन्ट्राबासून आणखी एक सप्तक खाली, पोकळी साडेपाच मीटरच्या आसपास, अनेक वेळा दुमडलेली. लंडनच्या धाकट्या स्टेन्सबीने १७३९ मध्ये बनवलेलं एक डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: सरळ, आणि छताला भिडेल असं उंच. हायडनने 'क्रिएशन'मध्ये आणि बीथोव्हेनने पाचव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात ते वापरलं, पण सुरात आणि हाताळायला जमेल असं वाद्य हेकेलच्याच कारखान्यातून १८७० च्या दशकाच्या अखेरीस आलं. राव्हेलने 'मदर गूज'मध्ये राक्षसाचं बोलणं त्याला दिलं आहे, ते ऐकाच.

मुंबईत एनसीपीएच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे (स्थापना २००६) हंगाम असतात. शक्य झालं तर वरच्या मजल्यावरचं तिकीट काढा. खालून पुढची व्हायोलिनं आड येतात, वरून लाकडी वाद्यांची रांग पूर्ण दिसते, आणि तिरपी धरलेली बासून लगेच ओळखू येतात.

सई_न्यूजर्सी

खूप खूप आभार. टाचणीच्या छिद्राची गोष्ट सांगितल्यावर तिने लगेच करून पाहिलं! तिने पहिल्यांदा काय ऐकावं?

मंद्रसप्तक

@सई_न्यूजर्सी, मोझार्टच्या कॉन्चेर्टोचा दुसरा, संथ भाग. त्यातली सुरुवातीची चाल आणि बारा वर्षांनी 'फिगारो' या ऑपेरामध्ये त्याने काउंटेसला दिलेल्या पहिल्या गाण्याची चाल सख्ख्या बहिणी वाटतात. आधी बासूनचं ऐकवा, मग ते गाणं, आणि तिला श्वास कुठे घेतलाय तो मोजायला सांगा. गायिका जिथे श्वास घेते तिथेच तिनेही घ्यायचा.